चित्रे आकर्षक, छपाई सुबक

लहान मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण कसे लिहावे याचा मराठीत एक साचा ठरून गेला आहे. दोन परिच्छेद कथेचा सारांश, एक परिच्छेद संस्कारमूल्ये, आणि शेवटी उरल्यासुरल्या जागेत एक वाक्य : ‘चित्रे आकर्षक असून छपाई सुबक आहे.’ चित्रकाराचे नाव त्यात येईलच असे नाही. पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग ज्याने व्यापला, त्याची बोळवण कागद आणि शाई यांच्या पंगतीत बसवून केली जाते. आमचा आक्षेप या एका वाक्यावर आहे. ते आळसातून आलेले असते तर सोडून देता आले असते. पण ते अज्ञानातून आलेले आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत ज्यांना अजून वाचता येत नाही अशी मुले मोजत आहेत.

चित्रपुस्तक म्हणजे मध्ये मध्ये चित्रे घातलेली गोष्ट नव्हे. पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ (१९६८) हे इंग्रजी पुस्तक घ्या. एक कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच त्यातले शब्द सांगतात. तेही अवघ्या ३२ शब्दांत. चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. तो झेप घेतो आणि दर वेळी फजीत होतो. दंताळ्याचा दांडा नाकावर आदळतो, तळ्यात बुडी मिळते, डोक्यावर पीठ कोसळते, शेवटी मधमाश्या पाठीस लागतात. या कोल्ह्याचा शब्दांत कोठेही उल्लेख नाही. आई मजकूर वाचत असते आणि मांडीवरचे मूल मजकुरात नसलेली गोष्ट पाहत असते. वाचता न येणारा येथे वाचणाऱ्याच्या एक पाऊल पुढे असतो. चार वर्षांच्या माणसाला याहून मोठा सन्मान कोणते पुस्तक देणार?

आता हेच पुस्तक आपल्या साच्यात घालून पाहा. सारांश एका ओळीत संपतो, संस्कारमूल्ये शून्य. परीक्षकाची लेखणी थांबते. दुकानातला पालक पाने चाळून विचारतो, ‘एवढ्या पैशांत इतकेच वाचायला?’ कापड वारावर घ्यावे तसे पुस्तक शब्दांवर घेण्याची ही सवय पालकांना कोणी लावली? आम्हीच, म्हणजे पुस्तकांविषयी लिहिणाऱ्यांनी.

परदेशी उदाहरण दिले म्हणून कोणी नाक मुरडू नये. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ आणि यशची पुस्तके स्वतःच लिहिली आणि स्वतःच चितारली. ‘चित्रवाचन’ या नावातच त्यांनी एक भूमिका मांडली. चित्र हे वाचायचे असते, ही ती भूमिका. त्यांचे कौतुक उदंड झाले. परंतु एखाद्या पानावर माणसे कोठे उभी आहेत, कोण कोणाकडे पाहते आहे, पान उलटताना काय बदलते, याविषयी बोलण्याची भाषा आपल्या समीक्षेने त्या कौतुकातून घडवली नाही. अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रकारासाठी कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून दिले जाते. आपल्याकडे आजही कित्येक मुखपृष्ठांवर चित्रकार सापडत नाही.

‘ज्ञानवर्धक’ पुस्तकांची कथा तर याहून करुण आहे. प्राण्यांची ओळख करून देणारे कोणतेही स्वस्त पुस्तक उघडा. शेजारशेजारच्या चौकटींत हत्ती आणि मुंगी एकाच मापाचे. पायाखाली जमीन नाही, अंगाची सावली नाही, खाली फक्त नाव. मूल नावे पाठ करते आणि पाहुण्यांसमोर म्हणून दाखवते. याला ज्ञान म्हणायचे असेल तर दूरध्वनीच्या यादीला कादंबरी म्हणावे लागेल. माहितीच्या पुस्तकाने मुलाच्या मनात प्रश्न उभा करावा आणि उत्तर शोधायला त्याला खिडकीपर्यंत न्यावे.

सुगरण पक्षी घ्या. बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण पिलांसाठी खोपा विणणारी आई आहे. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. अर्धवट विणलेल्या घरट्याशी तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो, मादी येऊन पाहणी करते, आणि पसंत पडले तर पुढचे काम होते. नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात. हे कळल्याने कवितेचे काहीही उणे होत नाही. उलट, बाभळीवरचे अर्धे घरटे पाहून ‘हे पुरे का झाले नाही?’ असे विचारणारे मूल तयार होते. असे एक पुस्तक शंभर चौकटींच्या शंभर नावांपेक्षा मोलाचे आहे. मात्र ते निवडायला निवडणाऱ्याला सुगरणीविषयी काही ठाऊक असावे लागते.

यावर ठरलेले उत्तर येते : रंगीत छपाई महाग, मराठीची बाजारपेठ लहान. दोन्ही खरे आहे. पण प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात. तेथे किंमत आड येत नाही. आड येते ती निवड. समोर ढीग असताना त्यातले कोणते सकस आणि कोणते पोकळ, कोणता अनुवाद मराठीत बोलतो आणि कोणता इंग्रजीचा सांगाडा घेऊन चालतो, हे सांगणे हे समीक्षेचे काम. ते काम आपण छपाईच्या सुबकतेवर ओवाळून टाकले.

याचा परिणाम घराघरांत दिसतो. सुंदर चित्रांची, शोधक पुस्तके इंग्रजीतून येतात आणि तात्पर्याची मराठीतून. वयाच्या पाचव्या वर्षीच मुलाच्या मनात वाटणी पक्की होते : कुतूहलाची भाषा इंग्रजी, उपदेशाची मराठी. पुढे हेच मूल मराठी वाचत नाही म्हणून आपण परिसंवाद भरवतो.

आमची मागणी साधी आहे. यापुढे मुलांच्या पुस्तकावर लिहिणाऱ्याने चित्रकाराचे नाव पहिल्या परिच्छेदात लिहावे. किमान एका पानावरचे चित्र काय सांगते आणि शब्द काय गाळतात, ते उलगडावे. माहितीचे पुस्तक असेल तर त्यातले एक तरी विधान पडताळावे. आणि पुस्तक एखाद्या मुलाला सलग तीन दिवस वाचून दाखवावे. चौथ्या दिवशी ते मुलाने पुन्हा मागितले नाही, किंवा आपल्यालाच पुन्हा वाचवेना, तर तेही निःसंकोच लिहावे. एवढे ज्याच्याने होत नाही त्याने मुलांच्या पुस्तकांवर लिहू नये. छपाई सुबक आहे की नाही, हे मुलांना दिसते.