शेवटचं पान फाटलेलं!

तुम्हीही रहस्यकथेचं शेवटचं पान आधी बघता? मला ती सवय लागलीच नाही, कारण माझ्याकडे ते पानच नव्हतं!

धाराशिव जिल्ह्यातलं माकणी, निम्न तेरणा धरणाचं गाव, हे माझं आजोळ. तिथे मामाची पत्र्याची पेटी होती. त्यात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद. अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मामाकडच्या हातोहात फिरून पार खिळखिळ्या झालेल्या, निम्म्यांचा शेवट गायब. मग रात्री अंगणात बाजेवर पडून आम्ही खुनी कोण यावर भांडायचो. सॉलिड मजा!

परवा पुण्यात जुन्या पुस्तकांत त्यातलंच एक सापडलं, शेवटच्या पानासकट. काचबिंदूमुळे मामाला आता अक्षर दिसत नाही, म्हणून दर रविवारी फोनवर वाचून दाखवते. काल शेवटच्या पानाशी आले, तर म्हणाला, ‘थांब गं. आधी तू सांग, खून केला कुणी?’

तासभर भांडलो. पान अजून उलटलेलं नाही.

तेव्हा बॉस, या वीकेंडला एक रहस्यकथा घ्याच. आणि भांडायला कुणीतरी सोबत!