फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा!

'व्हीएम परत उडाली गं!'

रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज. ती धाराशिवला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज गावाहून एसटीने ये-जा करते. प्रोजेक्टसाठी तिने लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू टाकलं होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. विंडोजला धक्का न लावता लिनक्स शिकायची ही फुकटातली सोय. पण तिचं मशीन कधी दहा मिनिटांत बंद पडायचं, कधी दोन तासांनी. ज्याला विचारावं त्याचा सल्ला एकच, 'फॉरमॅट मार.' तिने तीनदा सगळं पुसून नव्याने टाकलं. तिसऱ्या वेळी प्रोजेक्टचा कोडही गेला. मग म्हणाली, 'मला कॉम्प्युटर जमतच नाही.'

हे वाक्य मला खटकलं. मी मास कॉमची, कोडिंग मला येत नाही. पण घटना घडली की आधी साक्षीदार शोधायचा, एवढं आम्हाला शिकवतात. इथे साक्षीदार मशीनच्याच फोल्डरमध्ये होता. 'लॉग्स' नावाच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक वेळची नोंद ठेवतं. मशीन फाइल्ससकट डिलीट केलं की या नोंदीही जातात. म्हणजे तीन वेळा आपणच पुरावा पुसला!

चौथ्यांदा आम्ही काही पुसलं नाही. वहीत वेळ लिहिली, तेव्हा काय चालू होतं ते लिहिलं. हार्ड डिस्कवर जागा होती. व्हीएमला रॅमही प्रमाणात दिलेली होती. एका वेळी एकच सेटिंग बदलून पाहिलं. क्रॅश चालूच, आणि दरवेळी एरर वेगळी. सॉफ्टवेअरची चूक बहुतेकदा ठरावीक जागी अडते. एरर अशी भटकत असेल तर हार्डवेअरवर संशय घ्यायचा. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवली. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी! दोन महिन्यांपूर्वी बसवलेली सेकंडहँड रॅम खराब होती. नुसत्या विंडोजला तेवढी रॅम लागत नव्हती, व्हीएम चालू झाली की खराब भाग वापरात यायचा. ती रॅम काढली, क्रॅश थांबले. दोष ना उबंटूचा होता, ना तिचा.

आता तुम्ही म्हणाल, 'उद्या सबमिशन असताना लॉग कोण वाचत बसणार?' मान्य. घाई असेल तर टाका नव्याने. पण आधी कोड आणि लॉगची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. आणि स्नॅपशॉट घेतलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

मोठ्या कंपन्याही पडतात. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. नंतर कंपनीने कारण जाहीर केलं: अपडेटने २१वी नोंद मागितली, प्रोग्रामकडे २०च होत्या. नुसतं रीस्टार्ट करून विषय संपवला असता, तर हे कळलंच नसतं.

आपल्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये मात्र फक्त बरोबर आलेलं आउटपुट असतं. सर सही करतात, आपण पान उलटतो. काय बिघडलं, का बिघडलं, याला जागाच नाही. माझं म्हणणं एवढंच, प्रत्येक जर्नलमध्ये एक पान बिघाडासाठी ठेवा आणि त्यालाही मार्क द्या. नोकरीत हेच काम रोज करावं लागणार आहे.

तोवर तुमचं मशीन उडालं तर स्वतःला 'ढ' ठरवू नका. आधी लॉग उघडा. कारण सापडत नाही याचा अर्थ कारण नाही, असा होत नाही.