बरणीवरची तारीख

१९६१ सालच्या नाताळच्या दुपारी प्रागमधल्या आपल्या घरी ओटो विख्टरले हे रसायनशास्त्रज्ञ स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांचा 'मेर्कुर' पसरून बसले होते. भोकाभोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट. आपल्या मेकॅनोचा चेक भाऊ. त्याला सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून त्यांनी काचेचे इवलेसे साचे गरगर फिरवले. साच्यात द्रवाचे थेंब सोडायचे. फिरण्याच्या जोराने द्रव कडेला चढतो आणि घट्ट होता होता त्याला आपसूक बुबुळाचा बाक येतो. त्या दुपारी चार लेन्स निघाल्या. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सची सुरुवात ती ही.

तो पदार्थ मात्र नवा नव्हता. विख्टरले आणि द्राहोस्लाव लीम यांनी या पाणीधरू जेलबद्दल, म्हणजे हायड्रोजेलबद्दल, १९६० मध्येच 'नेचर'मध्ये लिहिले होते. घोडे अडले होते ते साच्यातून काढताना फाटणाऱ्या कडांपाशी. कोडे रसायनाचे नव्हते, हाताचे होते, आणि ते खेळण्यातल्या यंत्राने सोडवले. (पुढे हक्क अमेरिकेत विकले गेले, १९७१ मध्ये तिथे लेन्सला परवानगी मिळाली, आणि विख्टरलेंच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. ती रड वेगळी.)

सब्जा भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत कवच धरते. तेही हायड्रोजेलच: लांबलचक रेणूंचे जाळे आणि त्यात अडकलेले पाणी. मराठीत जेल म्हटले की तुरुंग आठवतो. इथे तो अर्थ अगदीच चुकीचा नाही.

या तुरुंगाचे वागणे किती लहरी, हे अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या तोयोइची तानाका यांना कळले. १९७८ मध्ये त्यांनी दाखवले, की पाण्यात अॅसिटोन वाढवत नेले तर एका टप्प्यावर जेल एकदम आकसते. पण सगळीच जेल तशी वागत नव्हती. ताजी सावकाश आकसत. बरेच दिवस ठेवलेली मात्र एका झटक्यात. कारण १९८० मध्ये उलगडले: मुरता मुरता जेलमधल्या अॅक्रिलामाइडच्या जाळ्यावर विद्युतभार येत होता. लोणचे घालणाऱ्या कुणालाही हे पटेल. घटक तेच, प्रमाण तेच, फरक मुरण्याचा. कोणता नमुना किती दिवसांचा याची नोंद नसती, तर हा शोध 'प्रयोग नीट जमत नाही' या शेऱ्याखाली गाडला गेला असता.

हायड्रोजेलला आता मशीन लर्निंगची आणि रोबोटची जोड मिळते आहे आणि 'एआयने नवा पदार्थ शोधला' असे मथळे येताहेत. मला त्यांची धास्ती वाटत नाही, पण चीड येते. जपानच्या होक्काइडो विद्यापीठाचेच पाहा. जियान पिंग गोंग यांच्या गटाने २००३ मध्ये एक कडक-ठिसूळ आणि एक लवचीक अशी दोन जाळी एकमेकांत गुंतवली आणि ९० टक्क्यांपर्यंत पाणी असलेले जेल चिवट करून दाखवले. त्याच विद्यापीठातून २०२५ मध्ये पाण्याखाली घट्ट चिकटणारे जेल आले. चिकटणाऱ्या २४,७०७ प्रथिनांची माहिती चाळून त्यांनी सहा प्रकारचे घटक निवडले, १८० जेल प्रत्यक्ष बनवली, प्रत्येकाची चिकटण्याची ताकद मोजली, आणि मगच यंत्राला पुढचा अंदाज करायला सांगितले. त्यातून निघालेल्या एका जेलने समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकाला रबरी बदक चिकटवले. लाटा येत-जात राहिल्या, बदक जागचे हलले नाही. फोटो बदकाचा छापून येतो, त्या १८० बरण्यांचा येत नाही.

रोबोटचे मोल लोक वेगात मोजतात. जेलच्या बाबतीत ते मला दुय्यम वाटते. मिश्रण चिकट, पिपेटच्या टोकाला थेंब लोंबत राहतो, बुडबुडे धरतात. इथे यंत्राचीही त्रेधा उडते. पण यंत्र कंटाळत नाही. किती वाजता ढवळले, किती अंश तापमान होते, बरणी किती तास ठेवली, हे ते बिनबोभाट लिहून ठेवते. नेमके हेच लिहिण्याचा माणसाला आळस, आणि अंदाज बांधणारे गणित जगते ते या कंटाळवाण्या रकान्यांवर. त्यातही बिघडलेल्या प्रयोगांचे रकाने हवेत. नुसती जमलेली जेल दाखवली, तर कुठे बिघडते हे त्या गणिताला कळायचे कसे?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही (एनसीएल) जेलवर दीर्घकाळ काम झाले आहे. शायनी वर्गीस, आशीष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी धातूच्या आयनांच्या मदतीने स्वतःची चीर सांधणाऱ्या जेलवरचे काम २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे महागडे रोबोट सगळ्यांना परवडणार नाहीत, हे उघड आहे. पण बरणीवर तारीख लिहायला आणि न सांधलेल्या जेलचे आकडे तक्त्यात भरायला रोबोट लागत नाही. संशोधनाला पैसे देणाऱ्यांनी अहवालात तेवढा एक तक्ता सक्तीचा करावा. होक्काइडोच्या तक्त्यात बदकाला धरू न शकणारी जेलही होती, आणि यंत्र शिकले ते त्यांच्याकडूनही.