साहेबांची गाडी, कारकुनाची सही

सरकारी कचेरीत नव्याने लागलेल्या कारकुनाला पहिल्याच वर्षी एक शिकवण मिळते: “साहेबांचं साहेब बघतील, आपण हुकमाचे ताबेदार.” रविवारी गाडी साहेबांच्या मेव्हण्याच्या लग्नाला गेली, तर सोमवारी चालकाने लॉगबुकात ‘पीक पाहणी’ लिहावे, कारकुनाने डिझेलचे बिल करावे आणि गप्प बसावे. असे सांगणारे सहकारी बहुधा वाईट नसतात. नव्या पोराची नोकरी टिकावी एवढाच त्यांचा हेतू असतो. तरीही ही शिकवण चूक आहे.

ज्या नियमांचा धाक घालून ती दिली जाते, त्यांतच तिला आधार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम सचोटी राखायला सांगतो. वरिष्ठाच्या सांगण्यावरून काम करायचे तर ते सांगणे शक्यतो लेखी घ्या, हेही तोच सांगतो. गैरवापराचा हुकूम मात्र कागदावर येत नाही. टिपणी ठेवली की ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो आणि चर्चा दाराआड होते. मागे उरते चालकाचे अक्षर आणि बिलावरची कारकुनाची सही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की खुलासा त्यांनाही द्यावा लागतो. आणि समजा, हुकूम लेखी मिळाला, तरी लग्नाचा प्रवास पीक पाहणी होत नाही. खोटी नोंद करण्याचा अधिकार वरिष्ठालाच नाही, तो हाताखालच्याला देणार कुठून?

दुसरा युक्तिवाद असा, की चार लिटर डिझेलने सरकार बुडत नाही. सरकार बुडत नाही हे खरे, पण इंधनाचे अनुदान मोजके असते. गारपिटीने द्राक्षबाग झोपते आणि पंचनाम्याला जायला गाडी नसते, तेव्हा ते चार लिटर बागायतदाराच्या खात्यातून गेलेले असतात. शिपायाचेही तेच. तो बंगल्यावर भाजी आणायला जातो आणि दाखल्यासाठी आलेली म्हातारी कचेरीत ताटकळते.

याच्या उलट टोकाचा सल्लाही मला मान्य नाही: द्या एक निनावी अर्ज ठोकून. केंद्रीय दक्षता आयोग निनावी तक्रारींवर कारवाई करत नाही, आणि त्यामागे कारण आहे. संशय म्हणजे पुरावा नव्हे. काही अधिकाऱ्यांना ठरलेली रक्कम भरून सरकारी गाडी खासगी कामाला वापरण्याची मुभा असते. रविवारची फेरी खरोखरच कामाचीही असू शकते. हे न तपासता एखाद्याच्या नावावर चिखल उडवणे हाही अन्यायच.

म्हणून आधी विचारावे. “साहेब, रविवारच्या प्रवासाचे प्रयोजन काय लिहू?” इतका साधा प्रश्न प्रामाणिक अधिकाऱ्याला खुलाशाची संधी देतो आणि घसरलेल्याला पैसे भरून मोकळे होण्याची. उत्तर खोटे आले, तर “हे मला लिहिता येणार नाही” असे नम्रपणे सांगावे आणि टिपणीची प्रत जपून ठेवावी. प्रकार चालूच राहिला तर वरच्या कार्यालयाकडे किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे स्वतःच्या नावानिशी जावे.

यातली शेवटची पायरी प्रत्येकाला झेपेलच असे नाही. गोपनीय अहवाल साहेबांच्या हातात, बदलीची टांगती तलवार, घरी शिकणारी मुले. तक्रार न करणाऱ्याला मी दोष देणार नाही. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, आणि २००३ च्या नोव्हेंबरात गयेत त्यांचा खून झाला. हे माहीत असताना दुसऱ्याच्या धैर्याचे माप काढण्याचा हक्क कुणालाच नाही. पण तक्रार न करणे वेगळे आणि खोट्यावर सही करणे वेगळे. पहिल्यात माणूस गप्प राहतो, दुसऱ्यात तो सामील होतो. सहीच्या बाबतीत सूट नाही, असे माझे ठाम मत आहे.

आणि ती सही नाकारणाऱ्याला एकटे का पडावे लागते? जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, पण तो अंमलात आणला गेलेला नाही. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप करणाऱ्या कर्मचारी संघटनांनी हा कायदा लागू करण्याची मागणी तितक्याच जोराने करावी, आणि खोटी नोंद नाकारल्याबद्दल ज्याची बदली होईल त्याच्यामागे पहिल्याच दिवशी उभे राहावे.