पाणपोई झाली, नळ केव्हा?

महाराष्ट्र सरकारने २९ एप्रिल २०२५ रोजी नवे विद्युत् वाहन धोरण मंजूर केले. राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरांवर चार्जिंगची सोय व्हावी, असा संकल्प त्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर विजेच्या मोटारींस टोल माफ करण्याचा निर्णयही त्यात आहे. संकल्प चांगला आहे आणि निर्णयही स्वागतार्ह आहे. परंतु डोंबिवलीहून ठाण्यास रोज नोकरीसाठी मोटार नेणाऱ्या गृहस्थाचा या तीन रस्त्यांशी संबंध काय? तो बिचारा शीळफाट्याच्या कोंडीत उभा असतो. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे सुरू होतो, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात सुरू होतो, हे खरे. पण नागपूरपर्यंतच्या त्या ७०१ किलोमीटरांवर धावणारी मोटार बहुधा डोंबिवलीच्या त्या गृहस्थाची नसते.

आमच्या शहरांतून आता ठिकठिकाणी जलद चार्जिंगची केंद्रे दिसू लागली आहेत. घोडबंदर रस्ता, पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग, कल्याण-शीळ रस्ता यांच्या कडेला, पेट्रोल पंपांवर आणि मॉलच्या तळघरांत ती उभी राहत आहेत. महावितरणनेही आपल्या उपकेंद्रांच्या आवारात अशी केंद्रे काढली आहेत. (भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी यास 'विद्युत्प्रभारण' म्हणावे; आम्हीही अनेक वर्षे शाळेत मराठीच शिकविले आहे. परंतु रस्त्यावरचा माणूस त्यास चार्जिंग म्हणतो आणि आम्हीही तेच म्हणणार.) एखादे केंद्र सुरू झाले की नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि 'नागरिकांची मोठी सोय झाली' असे भाषण होते. हे नागरिक कोण, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे. केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसास त्या केंद्राचा उपयोग किती?

पूर्वी वाटेवर पाणपोई घालीत. ते पुण्यकर्म होते आणि उन्हातून आलेल्या वाटसरूचा जीव त्याने वाचत असे. परंतु पाणपोईच्या शेजारी राहणारा गावकरी घरचे पाणी तेथून भरीत नसे. त्याला आड लागे, पुढे नळ लागला. जलद चार्जर ही विजेची पाणपोई आहे. ती हवीच. पण पाणपोई घातली म्हणून गावचा पाणीपुरवठा झाला, असे कोणी नगराध्यक्ष म्हणाला असता तर लोकांनी त्याला हसून घालविले असते.

थोडा हिशेब मांडू. काळ, काम व वेगाची उदाहरणे मुलांना नकोशी वाटत, पण त्यांचा उपयोग असा कधीतरी होतो. डोंबिवलीहून शीळफाट्यामार्गे ठाण्यास जाऊन येणे म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. लहान विजेची मोटार एका युनिटात सहा ते आठ किलोमीटर जाते. म्हणजे रोजची गरज सहा-सात युनिटांची. घरातल्या साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटातून तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात. तेव्हा रात्रीचे दोन-अडीच तास पुरे. मालक झोपलेला असताना काम होऊन जाते. रांग नाही, वाट पाहणे नाही, मोबाइलमधील चार निराळ्या कंपन्यांची चार निराळी ॲपे नाहीत. आता हाच माणूस पाच दिवसांची वीज जलद केंद्रावर घेतो असे समजा. त्याला तीस-पस्तीस युनिटे लागतील. लहान मोटारीची बॅटरीच मुळी तेवढ्याच्या आसपास, किंवा त्याहून कमी. ऐंशी टक्क्यांनंतर तर जलद चार्जरही मुद्दाम सावकाश चालतो, कारण बॅटरीला तो वेग सोसत नाही. म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी केंद्रावर जावयाचे, प्रत्येक खेपेस पाऊण तास ते तासभर थांबावयाचे, आणि पुढे दोन गाड्या असतील तर रात्रीचे जेवण त्या केंद्राच्या कठड्यावर उरकावयाचे. यास सोय म्हणावयाचे की शिक्षा, हे वाचकांनी ठरवावे.

घर आणि वाहनतळ ज्याच्याजवळ आहे त्याला शेजारच्या जलद चार्जरची रोजची गरज नाही, हे या हिशेबातून निघते. अर्थात, तो निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. अचानक रात्री नाशिकला निघावे लागले, पाहुण्यांना पोचविण्यात बॅटरी उतरली, तर चार किलोमीटरांवर जलद केंद्र आहे हा मोठा धीर असतो. त्या धीरापोटी मनुष्य लहान बॅटरीची, म्हणून स्वस्त, मोटार घेण्यास धजतो. हा लाभ मोजता येत नसला तरी खरा आहे. टॅक्सीचालकास तर तो रोखीचा आहे, कारण त्याचा प्रत्येक तास पैशाचा. केंद्राजवळच्या उपाहारगृहवाल्यासही चार गिऱ्हाइके जास्त मिळतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील दुकानांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला, त्यात चार्जिंग केंद्रांलगतच्या दुकानांची विक्री थोडी पण निश्चित वाढल्याचे दिसून आले. चहावाल्याचे भले झाले तर आम्हांस आनंदच आहे.

आमच्या भागाने हा अनुभव एकदा घेतलेलाच आहे. जी. आय. पी. रेल्वेचे विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत पोचले, तेव्हा गाड्यांसाठी लागणारी वीज डोंबिवलीच्या शेजारी, ठाकुर्लीनजीक चोळे येथील वीजघरातून जात असे. आता ते वीजघर बंद होऊन कित्येक वर्षे लोटली. वीज गावाच्या वेशीवर होती, पण ती रेल्वेची वीज होती. तिचा खरा लाभ डोंबिवलीकरास झाला तो त्याच्या स्थानकात लोकल गाडी थांबू लागली म्हणून. मेल गाड्या तर अजूनही बहुतेक धडधडत निघून जातात आणि फलाटावरचा माणूस पिवळ्या रेषेमागे सरून उभा राहतो.

या सर्व व्यवहारात ज्याची खरी अडचण आहे त्या माणसाकडे कोणाचेच लक्ष नाही. ठाण्याचा नौपाडा घ्या, कल्याणचा पारनाका घ्या, डोंबिवलीचे रामनगर किंवा विष्णुनगर घ्या. तीन-चार मजली, उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारती. त्या बांधल्या तेव्हा मध्यमवर्गीय माणूस मोटार घेईल ही कल्पनाही कोणाला नव्हती. येथील गाडी रस्त्याच्या कडेला, गटारावर, जागा मिळेल तेथे उभी असते. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून ती चार्ज करावयाची की काय? या माणसाला सार्वजनिक केंद्रावाचून गत्यंतर नाही. आणि नेमक्या याच माणसाकडून आपण जास्त पैसे घेतो. विजेच्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला. चार्जर यंत्रावरचा अठरावरून पाचवर आणला. मात्र त्या यंत्रातून गाडीत वीज भरून देण्याच्या सेवेवर कर अठरा टक्केच आहे. घरच्या देयकावर राज्याचे वीज शुल्क आहे, पण हा कर नाही. यंत्र विकत घेणाऱ्यास सवलत आणि ते वापरणाऱ्यास अठरा टक्के, ही न्यायबुद्धी आम्हांस उमगत नाही. ज्याला स्वतःचा वाहनतळ आहे तो स्वस्तात भरतो. ज्याला नाही तो अधिक दर देतो आणि वर कर देतो.

बरे, वाहनतळ आहे त्याचे तरी सगळे सुरळीत आहे काय? घरच्या किंवा कार्यालयाच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मोकळीक केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली. पण सभासदाच्या मीटरपासून त्याच्या गाडीपर्यंत जी वीस-तीस मीटरांची वायर जावी लागते ती गृहनिर्माण संस्थेच्या भिंतीवरून जाते. ती भिंत सर्वांची, म्हणून विषय सर्वसाधारण सभेत; आणि सर्वसाधारण सभेत आलेला विषय म्हणजे काय हे सहकारी इमारतीत राहणाऱ्यांस सांगावयास नको. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी अर्ज दिला, तेव्हा 'आज तुमचा चार्जर, उद्या सगळ्यांचे, मग मीटरखोली पेटली तर?' असा प्रश्न आला. प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. त्याचे उत्तर मात्र तपासणी करणाऱ्या विद्युत् अभियंत्याकडून मिळवावयाचे होते. ते हात वर करून मतदानाने दिले गेले. गृहस्थांनी पेट्रोलचीच गाडी घेतली. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ नव्वद टक्के विजेच्या होत्या. तेथे सभासदाने आपल्या जागेत चार्जर मागितला तर संस्थेस सबळ कारणावाचून नकार देता येत नाही, असा कायदा आहे. जलद केंद्रे तेथेही आहेत, पण बहुतेक लोक घरी चार्ज करतात.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. 'स्थानिक चालक' म्हटले की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोटारवाला उभा राहतो. ठाणे शहर २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर होते, कल्याण-डोंबिवली बारा लाखांवर. एवढ्या लोकांत मोटारवाले किती आणि स्कूटरवाले, रिक्षावाले किती? देशातही संख्येने पाहता विजेवरची बहुतेक वाहने दुचाकी आणि तीनचाकीच आहेत. जलद केंद्रावरचा जाड प्लग मोटारीसाठी असतो. तो रिक्षाला बहुधा लागत नाही आणि स्कूटरला तर नाहीच. म्हणजे साठ किलोवॉटचे यंत्र समोर झगमगत असते, आणि स्टँडवरचा रिक्षावाला ओळखीच्या दुकानदाराच्या मिनतवाऱ्या करून साध्या सॉकेटातून वीज घेतो. त्याला जे हवे त्याचा खर्च जलद यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

केंद्राने २०१८ च्या डिसेंबरात तत्त्वे आखली आणि नंतर ती सुधारली, तेव्हा शहरात तीन किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकटीत एक तरी केंद्र असावे, असे मोजमाप ठरले. नकाशावर हे सुरेख दिसते. परंतु डोंबिवली पश्चिमेचे केंद्र पूर्वेच्या माणसास 'जवळ' आहे असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता कोपर पूल किंवा ठाकुर्लीचा उड्डाणपूल ओलांडून पाहावा. नकाशाला रेल्वेचे रूळ नसतात.

आमचे म्हणणे असे की, महामार्गावरची जलद केंद्रे खाजगी कंपन्यांनी खुशाल काढावीत. वाटसरू त्यांचे पैसे देईल आणि कंपनी नफा मिळवील. पालिकांनी आणि महावितरणने आपली शक्ती नळ घालण्यात खर्चावी. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण स्थानकांलगतच्या वाहनतळांवर गाड्या सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत निश्चल उभ्या असतात. बारा तास उभ्या राहणाऱ्या गाडीस जलद चार्जर कशाला? तेथे साध्या सॉकेटांच्या रांगा लावाव्यात. दिवसा सूर्यप्रकाशाच्या वेळी चार्जिंगची वीज स्वस्त ठेवावी, असे केंद्राचेच धोरण आहे; ती स्वस्त वीज जुन्या इमारतीतल्या माणसाला मिळण्याची हीच एक जागा आहे. रिक्षास्थानकांवरही तेच करावे. जेथे जलद केंद्र वस्तीत येईल तेथे त्याला स्वतंत्र रोहित्र असावे. एका साठ किलोवॉटच्या यंत्राचा भार दहा-पंधरा बिऱ्हाडांएवढा असतो, आणि मे महिन्यात आधीच धापा टाकणाऱ्या रोहित्रावर तो टाकला तर शेजाऱ्यांच्या वाट्यास केंद्राचा लाभ येण्याऐवजी अंधार येईल.

दोन्ही महापालिकांनी आपापल्या हद्दीतील केंद्रांची यादी प्रसिद्ध करावी. प्रत्येकाचा युनिटमागे दर करासह किती, ते रात्री उघडे असते की नाही, त्यावर रिक्षा आणि स्कूटर चालते की नाही, आणि गेल्या महिन्यात ते किती दिवस बंद होते, हे चार रकाने तीत असावेत. नारळ फोडताना लावलेल्या फलकापेक्षा ही यादी लहान अक्षरांत छापली तरी चालेल.