नियम एकच पुरे

परवा डोंबिवलीहून नात आली होती. कॉलेजचं पहिलंच वर्ष. लेखनाच्या पेपरचे नियम वाचून दाखवत होती. हजेरी ७५ टक्के, प्रकल्प वेळेत, नक्कल चालणार नाही.

"आजी, एआयकडून लिहून घेतलं तर कळतं का गं?"

"आधी सांग, तू लिहिलेलं कुणी वाचतं का?" ती गप्प.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून भाषेचा २ क्रेडिटांचा पेपर आला. म्हणजे सत्राला ३० तास. नातीच्या वर्गात १०० मुलं. एका निबंधाला १० मिनिटं धरली, तरी तपासायलाच सोळा तासांच्या वर! प्राध्यापकांना दोष कसा देणार? वह्यांचे गठ्ठे मीही लोकलमधून घरी आणलेत.

पण लेखन सुधारतं ते दुसऱ्यांदा लिहिताना. म्हणून मला एकच नियम हवा. सत्रात दोनच निबंध, वर्गात बसून लिहिलेले. तपासून परत द्यायचे, पुन्हा लिहून घ्यायचे आणि गुण त्या दुसऱ्या निबंधाला. त्यासाठी तुकड्या लहान कराव्या लागतील, खर्च वाढेल. वाढू दे.

"मग तोवर तूच तपास," नात म्हणाली. रविवारी पहिलं पान आलं. चुका भरपूर, पण पान तिचं स्वतःचं.

असो. तुम्हाला काय वाटतं?