गाडीतला फ्रीज : दिवा नको, पारा पाहा

उन्हाळ्यात गावाला निघायचे म्हटले की इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या घरात एकच चर्चा सुरू होते. औषध थंड कसे न्यायचे? नागपूरकरांची ही काळजी अनाठायी नाही. मे २०१३ मध्ये आपल्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ अंश तर मे महिन्यात आपल्या अंगवळणीच पडले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता खुला झाला. आता माझे अनेक रुग्ण स्वतःच्या गाडीने लांबचा प्रवास करतात, आणि त्यांच्यापैकी काहींनी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीजही घेतला आहे.

फ्रीज घेतला हे वाईट नाही. पण त्यावरचा हिरवा दिवा लागला की औषध सुरक्षित आहे, असे लोक धरून चालतात. माझी तक्रार आहे ती या विश्वासाबद्दल. दिवा फक्त वीज पोचल्याचे सांगतो. आत किती अंश आहे, हे थर्मामीटरच सांगतो.

आधी औषधाची प्रकृती समजून घेऊ. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे. वापरात काढलेली बाटली किंवा पेन, बहुतेक प्रकारांत, ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस पाकिटातल्या माहितीपत्रकात पाहावेत. इन्शुलिनचे शत्रू दोन. एक म्हणजे उन्हात बंद करून ठेवलेली गाडी, जिच्या आतले तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. दुसरा म्हणजे बर्फ. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाल्यावर दिसायला जसेच्या तसे दिसू शकते, पण ते फेकूनच द्यावे. म्हणून पेन बर्फाला चिकटवून ठेवणे हे औषध सांभाळणे नव्हे, नासवणे आहे.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण सांगतो. साठीतले निवृत्त शिक्षक, कुटुंबासह देवदर्शनाला गेले. चौथ्या दिवशी साखर ३५० च्या वर गेली. तिथल्या डॉक्टरांनी रीतसर इन्शुलिनचे युनिट वाढवले. नागपूरला परतल्यावर त्यांनी नवीन बाटली फोडली आणि वाढवलेला डोस तसाच चालू ठेवला. पहाटे दरदरून घाम, हातपाय थरथरणे आणि बोलण्यात गोंधळ. सूनबाईंनी प्रसंग ओळखून साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. जुन्या बाटलीत जोर उरला नव्हता, नव्या बाटलीत तो पुरेपूर होता. फ्रीज दुकानात तपासला, तर त्यात काहीच बिघाड नव्हता. लॉजवर रात्री गाडीची किल्ली काढली की सॉकेटची वीज बंद होत असे, आणि दुपारी गाडी उन्हात उभी राहत असे. सकाळी गाडी चालू केली की हिरवा दिवा पुन्हा हजर!

मी काही मोटारींचा कारागीर नाही. पण या प्रसंगानंतर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनजवळ बसून हे प्रकरण समजून घेतले. त्याचे सार वाचकांसाठी देतो.

पहिली गोष्ट, आपला डबा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. स्वस्त डब्यांत कॉम्प्रेसर नसतो. ते बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५-२० अंशांनी थंड होतात. म्हणजे गाडीत ४५ अंश असतील तर आत २५ ते ३०. हा बिघाड नाही, त्या यंत्राची कुवतच तेवढी. शिवाय अशा बऱ्याच डब्यांना ‘गरम-थंड’ असे बटण असते. सामान हलवताना ते उलटे सरकले, तर हाच डबा औषध तापवत बसतो. कॉम्प्रेसरचा फ्रीज महाग असतो, पण २ ते ८ अंश तोच सांभाळू शकतो.

दुसरी गोष्ट, कॉम्प्रेसरचा फ्रीज थंड करत नसेल तर इंजिन चालू करून पाहा. इंजिन चालू असताना थंड होतो आणि बंद केल्यावर थांबतो, तर दोष बहुधा फ्रीजचा नसतो. तो बॅटरीत, वायरीत किंवा सॉकेटमध्ये शोधावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती उतरली समजा. गाडी सुरू होण्यापुरती वीज उरावी म्हणून बहुतेक फ्रीज ठरावीक व्होल्टला आपोआप बंद होतात. बॅटरी ठीक असूनही फ्रीज बंद पडत असेल, तर बारीक वायर आणि ढिले सॉकेट वाटेतच व्होल्ट खातात. प्लग हाताला गरम लागला तर हेच कारण समजावे. उपाय म्हणजे बॅटरीपासून जाड वायर आणि तिच्यावर योग्य फ्यूज. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी.

तिसरी गोष्ट, फ्रीजच्या जाळीला बॅगा टेकवू नका, त्याला गरम हवा बाहेर टाकायला जागा हवी. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर तो थंड करून घ्या. आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात, म्हणून जुनी बॅटरी प्रवासाआधी तपासून घ्या. मुक्कामी पोचल्यावर औषध गाडीत ठेवू नका, खोलीत न्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत एक साधा थर्मामीटर ठेवा. औषधाच्या शेजारी, भिंतीला न टेकवता. हजारो रुपयांचा फ्रीज घेणारे लोक दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर घेत नाहीत, याचे मला नवल वाटते.

ही शिस्त नवी नाही. १९८५ मध्ये देशात सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले, तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतली माणसे ती पाळत आली आहेत. तिथल्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजला दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी पुरते. त्याचे तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवायचे असते. खेड्यात लस नेणाऱ्या डब्याला तर बॅटरीच नसते, चार आइसपॅक असतात. तेही फ्रीझरमधून काढल्याबरोबर भरायचे नाहीत. त्यांना पाणी सुटून हलवल्यावर आवाज आला की मग भरायचे, म्हणजे लस गोठत नाही. आमच्या नर्सताईंना जे येते ते आपल्याला का येऊ नये?

खरे तर चार दिवसांच्या प्रवासाला फ्रीज लागतोच असे नाही. वापरातले एक पेन सावलीत, अंगाजवळच्या पिशवीत चालते. जादा साठा टॉवेलात गुंडाळून, घाम फुटलेल्या आइसपॅकसह चांगल्या थर्मासमध्ये नेता येतो. मुक्कामी फ्रीज नसेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटे मडके, आणि आत प्लॅस्टिकच्या पिशवीत वापरातली बाटली. वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम चालते, पावसाळी दमट हवेत तेवढे नाही. महिन्याचा साठा घेऊन लांब जायचे असेल, तर मात्र कॉम्प्रेसरचा फ्रीज उपयोगी.

माझे मागणे तिघांकडे आहे. फ्रीज विकणाऱ्यांनी ‘थंड राहतो’ असे मोघम न सांगता ४५ अंशांच्या उन्हात आत किती अंश राहतात ते सांगावे. औषध दुकानदारांनी इन्शुलिन बर्फाच्या खड्यांवर ठेवून देऊ नये. आणि आम्हा डॉक्टरांनी, प्रवासात रुग्णाची साखर अचानक चढली तर डोस वाढवण्याआधी एक प्रश्न विचारावा : औषध कुठे ठेवले होते? तेच इन्शुलिन, तोच आहार आणि तरी साखर उतरत नसेल, तर नवीन बाटली काढावी आणि डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.